खाली नाव नसलेला तक्ता

मी, शेवटी सही करणारी महानंदा कृष्णाजी हलगेकर, वय वर्षे सत्तर, अविवाहित, धंदा चित्रे काढणे, मूळ राहणार निपाणी, हल्ली राहणार जे. पी. नगर, बेंगळूरु, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने, स्वतःच्या टाकाने आणि मागे कुणीही उभे नसताना लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झाले आहेत. उजवा हात थरथरतो, पण टाक कागदाला टेकला की थांबतो. हे डॉक्टरांनी मला समोर बसवून पाहिले आणि तसा दाखला दिला. तो सोबत जोडला आहे. माझ्यावर कुणाचे दडपण नाही. लाजेचे आहे, पण ते कायद्यात धरत नाहीत, असे माझे वकील श्री. हयवदन सांगतात.

कच्च्या मसुद्यात वकिलांनी धंद्याच्या जागी 'गृहिणी' लिहिले होते. ते मी खोडले आणि त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतले.

कलम पहिले. मी आयुष्यात एकही दिवस नोकरी केली नाही. १९७९ साली निपाणीहून बेंगळूरुला आले ती एका बालमासिकाच्या दोन पानांच्या भरवशावर. मासिक सहा महिन्यांत बंद पडले, मी राहिले. तेव्हापासून पाठ्यपुस्तके, बियांची पाकिटे, लोणच्याच्या बरण्यांवरची लेबले, कॅलेंडरे, शाळांचे तक्ते, जे येईल ते काढले. शेजारीपाजारी विचारत, "म्हणजे तुम्ही घरीच असता?" चाळीस वर्षे मी या प्रश्नाला हो म्हटले आणि दार लावून कामाला बसले.

इथल्या फ्रीलान्स चित्रकारांत मला लोक एका वाक्यासाठी ओळखतात: नाव नाही तर चित्र नाही. चित्राखाली चित्रकाराचे नाव छापा, म्हणून मी संपादकांशी भांडले, छापखानेवाल्यांशी भांडले, एकदा एका बिस्किटवाल्याशी त्याच्या मुलाच्या बारशात जाऊन भांडले. बसवनगुडीच्या बागेत दर रविवारी सकाळी जमणारा चित्रकारांचा कट्टा मी सुरू केला. तिथे प्रत्येकाने आपली वही जमिनीवर उघडी ठेवायची आणि बाकीच्यांनी तोंडावर खरे सांगायचे, एवढाच नियम. गेल्या वर्षी माझ्या वाढदिवसाला कट्ट्यावरची सगळी मुले ते वाक्य छापलेले टी-शर्ट घालून आली. ती टाळ्या वाजवत होती आणि मला तिथल्या तिथे जमिनीत गाडून घ्यावेसे वाटत होते. का, ते सहाव्या कलमात आहे. आधी किरकोळ गोष्टी उरकते.

कलम दुसरे. पुण्यात राहणारा माझा भाचा अभिराज याला, माझ्या औषधपाण्यातून आणि शेवटच्या क्रियेतून बँकेत जे उरेल ते सगळे द्यावे. वडिलांचे भिंतीवरचे घड्याळही द्यावे. ते रोज दहा मिनिटे मागे पडते, त्याने दुरुस्त करू नये. "मावशी, आता ही चित्रं कॉम्प्युटर बसल्या बसल्या काढतो," असे तो माझ्या ताटात जेवत असताना म्हणाला होता.  त्याचे उत्तर आता देते: अरे, कॉम्प्युटर काढील, पण काढल्याची लाज त्याला वाटेल का? मला वाटली, आणि तीही चौतीस वर्षे उशिरा.

कलम तिसरे. माझे ब्रश, टाक, बोरू आणि रंगांच्या बाटल्या कट्ट्यावर नेऊन सतरंजीवर मांडाव्यात. वयाने सगळ्यांत लहान असेल त्याने आधी उचलावे, मग चढत्या क्रमाने. ब्रश उभे ठेवून वाळवणाऱ्याला मात्र काहीही देऊ नये. पाणी दांड्यात उतरते आणि केस गळतात, हे मी शंभर वेळा सांगितले आहे. उतरते टेबल आश्लेषाला द्यावे. ही मुलगी अंगणवाडीची पुस्तके रंगवते आणि माझ्या वहीसमोर उभी राहून "मॅडम, हा हात चुकलाय," असे म्हणणारी कट्ट्यावरची ती एकटीच आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

कलम चौथे. चित्रकार शिवकुमार याला माझी काचेची पेटी द्यावी, जिच्यात दिवा लावून आपण चित्र गिरवतो ती. एका संपादकाला त्याने सांगितले होते, "ती बाई नावावरून भांडते, मला काही नाव नको," आणि माझ्या हातचे मुखपृष्ठ नेले होते. त्याच आठवड्यात माझ्याकडे चहाला येऊन त्याने पेटीच्या काचेवर कोपर ठेवले आणि तिला तडा पाडला. तीस वर्षे मी तडा गेलेल्या काचेवर काम केले. आता काच त्याने बदलावी. एवढ्यावर आमचे भांडण मिटले असे समजावे.

कलम पाचवे. कॉटखालची लोखंडी ट्रंक कुणीही रद्दीत घालू नये. आमच्या धंद्यात बैल काढायचा तर आधी बैल बघावा लागतो, आणि मी तेव्हा राहत होते त्या बसवनगुडीच्या पहिल्या मजल्यावर बैल येत नाही. म्हणून मासिकांतली कात्रणे, कॅलेंडरांचे तुकडे, फोटो जमवून ठेवायचे. याला आम्ही रेफरन्स म्हणतो. माणसांचा रेफरन्स हाताशी नसला की जे कुणी घरात असेल त्याला समोर बसवायचे. ट्रंकेत माझ्या एकतीस वह्या आहेत. त्यांतल्या एकोणीस वह्यांत एकच बाई आहे: ताक घुसळताना, विहिरीवर, मुलाला न्हाऊ घालताना, मतदानाच्या रांगेत, बँकेत अंगठा देताना. ती बाई कोण, हे पुढच्या कलमात.

कलम सहावे. जे. पी. नगर येथील माझा राहता फ्लॅट, दुसरा मजला, उत्तरेच्या खिडकीसकट, श्रीमती मालनबाई विठोजी घाटगे, वय वर्षे त्र्याहत्तर, राहणार यशवंतपूर, यांना द्यावा. मालनबाई माझ्या नात्यातल्या नाहीत. तेव्हा अभिराज किंवा आणखी कुणी कोर्टात विचारील की त्यांनाच का. त्याचे उत्तर लिहून ठेवते.

मालनबाईंचे घराणे साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे उतरले आणि इथलेच झाले. त्यांच्या मराठीत निम्मे कन्नड असते. मी त्यांना अक्का म्हणते. १९८२ ते १९९२ मी बसवनगुडीत त्यांच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहिले आणि खाली जेवले. नवरा गेल्यावर पदरातल्या पोरीला घेऊन अक्काने खानावळ काढली होती. बारा जण रोजचे जेवायला. शिवाय लग्नसराईत तिच्या होळिगेला, म्हणजे आपल्या पुरणपोळीला, लांबून मागणी येई. माझे काम अडले की मी खाली जाऊन म्हणे, "अक्का, जरा घागर उचलल्यासारखं कर." ती लसूण खाली ठेवून रिकाम्या हातांनी घागर उचले. पुस्तक छापून आले की जेवणाऱ्यांना पान उघडून दाखवी: "हे बघा, मी. तिसरीच्या पुस्तकात."

तिच्या हनुवटीवर तीन हिरव्या ठिपक्यांचे गोंदण आहे. पुस्तकात काढताना मी ते नेहमी गाळत असे. कट्ट्यावर नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवते: रेफरन्सवरून काढा, पण चेहरा बदला. नाक, हनुवटी, केसांची रेघ, यांतले निदान दोन. ज्याचा चेहरा घेता त्याने चित्रातला जन्म मागितलेला नसतो.

१९९१ च्या पावसाळ्यात एका आरोग्य संस्थेने मला कुष्ठरोगाचा तक्ता दिला. दोन चित्रे हवी होती. पहिल्यात रोग झालेली बाई, दुसऱ्यात तीच बाई औषधाने बरी झालेली. तिथले साहेब म्हणाले, "बाई आपल्यातली वाटली पाहिजे. बघणारा थांबला पाहिजे." मी चार चेहरे काढले. चारही मेलेले. मग अक्काची एक वही उघडली. जेवणाऱ्यांपैकी कुणी काही बोलला होता आणि ती वर बघून हसणार होती, तेवढ्यात मी टिपलेली. तो चेहरा घेतला. हसू काढून टाकले. गालावर फिकट चट्टे घातले, भुवया विरळ केल्या, बोटे वाकडी केली. चित्र उभे राहिले.

गोंदण मी पुसले होते. हे मुद्दाम लिहिते, कारण मला आठवण नव्हती असे कुणी म्हणू नये. मी ते पुसले, आणि हनुवटी सपाट झाली. चित्र पडले. पाच मिनिटे बघत बसले आणि तीन ठिपके परत घातले. चित्र चांगले दिसावे म्हणून. समोर बाई होती हे मला त्या क्षणी दिसलेच नाही. मला हनुवटी दिसत होती. आमच्या धंद्याला ही सवय लागते आणि आम्ही तिला नजर म्हणतो.

मग मी संस्थेला पत्रे लिहिली. तीन पत्रे, तिन्हींत एकच मागणी: तक्त्याखाली माझे नाव छापा. तिसऱ्या पत्राला उत्तर आले. नाव छापत नाहीत. शिवाय कागदाचा आकार लहान केला आहे, म्हणून दुसरे चित्र गाळले आहे. मी नावासाठी चौथे पत्र लिहिले. दुसऱ्या चित्राबद्दल एक ओळही लिहिली नाही. बरी झालेली बाई गेली आणि मी माझ्या नावावर अडून बसले. या कलमातली मला सगळ्यांत जास्त लाज या ओळीची वाटते, गोंदणापेक्षाही.

तक्ता दवाखान्यांत लागला, शाळांत लागला, बस स्टँडवर लागला. हा रोग गोळ्यांनी पूर्ण बरा होतो हे त्यावर छापलेले होते, पण अक्षर बारीक होते आणि अक्का मोठी होती. पहिल्या आठवड्यात दोघे जण जेवायला आले नाहीत. मग पाच. एका लग्नघराने भिजत घातलेल्या डाळीसकट होळिगेची ऑर्डर रद्द केली. कारण कुणी सांगेना. अक्काला वाटले, हातची चव गेली. ती मीठ बदलून बघत होती, तेल बदलून बघत होती. मी वरून जिन्यात उभी राहून हे ऐकत होते. मी तोपर्यंत तक्ता पाहिला होता. मला माहीत होते.

मग तिची मुलगी कावेरी तापली म्हणून तिला घेऊन अक्का दवाखान्यात गेली, आणि भिंतीवर स्वतःला बघून आली. चप्पल न काढता थेट जिना चढून माझ्या खोलीत आली. ती बूड टेकायच्या आधीच मी उभी राहिले होते.

"महानंदा, ते तू काढलंस?"

"नाही अक्का," मी म्हटले. "माझं असतं तर खाली नाव असतं."

तिने क्षणभर माझ्याकडे बघितले आणि तिच्या चेहऱ्यावर सुटकाच दिसली. "सरी, सरी," ती म्हणाली, म्हणजे ठीक, ठीक. "मला वाटलंच. तू नाव घातल्याशिवाय सोडत नाहीस." आणि खाली जाऊन कावेरीला पेज भरवायला बसली.

त्यानंतर ती गल्लीत, देवळात, किराणा दुकानात सांगत फिरली. मी रोगी नाही, हे सांगायचे सोडून ती माझ्यासाठी सांगत होती. "महानंदाचं नव्हे ते. तिचं असतं तर खाली नाव असतं." लोक मान हलवत आणि तिच्या हातातले सुटे पैसे ओट्यावर ठेवायला सांगत. वर्षभरात खानावळ बंद झाली. घर सोडावे लागले. कावेरीला घेऊन ती यशवंतपूरला गेली आणि उदबत्तीच्या कारखान्यात बांबूच्या काड्यांना मसाला लावायला लागली. तिथे तिने बावीस वर्षे काढली. मी जे. पी. नगरला आले, माझे नाव होत गेले.

आणि दर संक्रांतीला ती माझ्याकडे येते. तीळ, गूळ, खोबरे, शेंगदाणे घालून घरी केलेले एळ्ळू-बेल्ल घेऊन, बस बदलून, आता मेट्रोने. तेहेतीस वेळा आली. तेहेतीस वेळा मी ते तिच्यासमोर खाल्ले आणि चांगले झाले आहे म्हटले.

म्हणून हा फ्लॅट तिला द्यावा. कारण विचारले तर तिला हे कलम वाचून दाखवावे.

इथपर्यंत मी ९ नोव्हेंबर २०२५ रोजी लिहिले.

कलम सातवे. हे कलम सहाव्यानंतर दोन आठवड्यांनी लिहीत आहे, आणि मध्ये जे घडले त्यामुळे लिहीत आहे.

वकील हयवदन यांनी वरचा मजकूर माझ्यासमोर बसून वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ते मितभाषी गृहस्थ आहेत, आणि घरी आमच्यासारखेच अर्धे मराठी, अर्धे कन्नड बोलतात.

"सगळं कायदेशीर आहे, बाई. एकच विचारतो. हे त्यांना कळणार कधी?"

"मी गेल्यावर."

"म्हणजे तुमच्या दिवसांना त्या डबा घेऊन येणार, आणि आश्लेषा त्यांना हे वाचून दाखवणार."

मी चहा टाकायला उठले.

"त्या काही विचारतील, तर उत्तर कोण देणार? मी?" त्यांनी कागद माझ्याकडे सरकवले. "बाई, रागावू नका. तेव्हा नाव नव्हतं म्हणून तुम्ही लपलात. आता स्वतःच असणार नाही म्हणून लपताय. सरी, तुमची मर्जी. मी शिक्का मारून देतो."

मला त्यांचा इतका राग आला की मी त्यांना चहा न देता वाटेला लावले. मग अकरा दिवस कुठलेच काम झाले नाही.

२० नोव्हेंबरला मी ट्रंकेतली दोन्ही मूळ चित्रे काढली, पुठ्ठ्याच्या फाइलमध्ये घातली आणि मेट्रोने निघाले. स्टेशनवर सामान तपासणाऱ्या पोराने फाइल उघडली. वर पहिले चित्र होते. त्याने बोट लावले होते ते चटकन मागे घेतले आणि मला फाइल मिटायला सांगितली. चौतीस वर्षांनीही चित्र चांगलेच आहे, हे मला तिथे कळले.

अक्का यशवंतपूरला एका वठारात राहते, ओळीने घरे आणि मध्ये एक नळ. ती दारात बसून अवरेकाळूच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत होती. मला बघून उठू लागली. "अय्यो, तू कशी आलीस? संक्रांत लांब आहे अजून."

मी आत जाऊन फाइल तिच्या पुढ्यात उघडली आणि उभ्यानेच सांगितले. "अक्का, तो तक्ता मी काढला होता. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले."

तिने चित्र जवळ ओढले. मग हनुवटीवरच्या ठिपक्यांवर बोट ठेवले, चित्रातल्या, आणि दुसऱ्या हाताने स्वतःच्या. "हे तू कधी घालत नव्हतीस," ती म्हणाली.

"इथे घातलं. त्याशिवाय चित्र चांगलं होईना."

"चांगलं." ती एवढेच म्हणाली. पुन्हा दोन शेंगा सोलल्या. मग शेंगांनी भरलेले सूप तिने भिंतीकडे ढकलले, दाणे जमिनीवर सांडले. माझ्या ओळखीत तिने अन्न कधी असे टाकलेले नाही.

"बारा जणं जेवायची माझ्याकडे. मी मीठ बदलत होते गं, मीठ! तू वर बसून ऐकत होतीस. ते काय, लोक होते, घाबरले. त्यांना काय म्हणू? पण मी तुझी साक्ष देत फिरले. देवळात उभी राहून सांगितलं, महानंदाचं नव्हे. कुणी विचारलं नव्हतं, तरी सांगितलं. माझ्या तोंडून तू खोटं वदवलंस. मला ठाऊक नसताना."

मी माफी मागितली. ती मिळाली नाही. या ठिकाणी मालनबाईंच्या सांगण्यावरून पुढील वाक्य त्यांच्या शब्दांत लिहिते: मी महानंदाला माफ केलेले नाही, आणि केले असे या कागदात कुठे लिहू नये.

मी तिला फ्लॅटबद्दल सांगितले. उत्तरेची खिडकी, लिफ्ट आहे, पाणी चोवीस तास.

"मला काय करायचंय तिथे जाऊन? तुझ्या खोलीत बसून तुझी आठवण काढू? कावेरीला तिचं घर आहे. आम्हाला नको."

मग तिने पहिले चित्र उचलून बाजूला ठेवले, आणि खाली दुसरे निघाले. तीच बाई. चट्टे गेलेले, भुवया दाट, बोटे सरळ, आणि वहीतले ते हसू, जे मी पहिल्यातून काढून टाकले होते, ते इथे परत घातलेले. हे चित्र छापलेच नाही, हे मी तिला सांगितले. का नाही, तेही सांगितले. माझी चार पत्रे कशासाठी होती, तेही.

"ही मी बरी," ती म्हणाली.

"हो."

"आणि ही पेटीत ठेवलीस." तिने चित्र खिडकीकडे धरले. "खाली नाव लिही."

मी टाक काढून दोन्ही चित्रांच्या खाली उजव्या कोपऱ्यात माझे नाव लिहिले.  

"आणि माझं?"

मला समजले नाही. ती चिडली. "तुझं नाव नाही म्हणून तू जगभर भांडत फिरलीस. घागर मी उचलली, ताक मी घुसळलं, एवढ्या पुस्तकांत. माझं नाव कुठे घातलंस एकदा तरी? रोगीण झाले तेव्हा लोकांनी ओळखलं, तेवढीच माझी ओळख."

चाळीस वर्षांत हे मला सुचले नव्हते. कट्ट्यावरही कुणाला सुचलेले नाही. मी दुसऱ्या चित्राखाली, माझ्या नावाच्या वर, लिहिले: समोर बसल्या मालनबाई विठोजी घाटगे. पहिल्याखाली लिहू लागले तर तिने हात धरला. "तिथे नको. ते तुझं एकटीचं."

कलम आठवे. वरील घटनेमुळे कलम सहावे यातील फ्लॅटचे दान मी रद्द करते. बाकी मजकूर तसाच ठेवावा. स्वच्छ प्रत करा, असे वकिलांचे म्हणणे आहे. मी नको म्हटले. आमच्यात पांढरा रंग लावून चूक झाकली तरी कागद तिरका धरला की ती दिसतेच. त्यापेक्षा खोडलेले दिसू दे. प्रत्येक खाडाखोडीशेजारी माझी आणि साक्षीदारांची सही आहे.

फ्लॅट आश्लेषाला द्यावा, अशा अटीवर की उत्तरेच्या खिडकीची खोली रविवारी कट्ट्याला आणि बाकी दिवशी ज्या चित्रकाराच्या घरी टेबल मांडायला जागा नसेल त्याला मोकळी राहील. त्या खोलीत पहिले चित्र लावावे. त्याखाली कलम सहावे मोठ्या अक्षरांत लिहून लावावे, बारीक नव्हे. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला ते पहिल्या दिवशी वाचायला लावावे, आणि मगच चेहरा बदलायचा नियम शिकवावा. माझे ते वाक्य छापलेले टी-शर्ट कुणी फेकू नयेत, पण त्याखाली आणखी एक ओळ छापून घ्यावी: समोर बसलेल्याचेही. एकोणीस वह्यांतली प्रत्येक पान शोधून प्रत्येकाखाली मालनबाईंचे नाव घालण्याचे काम मी सुरू केले आहे. अकरा वह्या झाल्या. उरलेल्या राहिल्या तर आश्लेषाने पुऱ्या कराव्यात, आणि वह्या मग कावेरीच्या स्वाधीन कराव्यात.

दुसरे चित्र या मृत्युपत्रात नाही. ते मी मालनबाईंना आजच हातात दिले. मरेपर्यंत थांबायची माझी सवय मोडायची होती. त्यांनी ते गॅसच्या वरच्या भिंतीला लावले आहे. तिथे फोडणीचे तेल उडेल, असे मी म्हटले. "उडू दे," त्या म्हणाल्या, "बाई स्वैपाकाचीच आहे."

साक्षीदारांविषयी. मृत्युपत्रातून ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी आज मालनबाईंच्या घरी चहा घेताना समजावून सांगितले. त्या ऐकत होत्या.

"म्हणजे मला काही मिळत नाही, तर मी होऊ शकते?"

"होऊ शकता," हयवदन म्हणाले. "पण तुम्ही कशाला, अक्का? आम्ही कुणी बघतो."

"मागे मी हिची एक साक्ष दिली होती. ती खोटी निघाली," अक्का म्हणाली. "आता खरी देते. स्वल्प सरका, उजेड येऊ दे."

मी हे मृत्युपत्र पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचले. सहावे कलम वाचताना दोनदा थांबले. मालनबाईंनी पाणी दिले नाही, थांबल्या. मग मी पुरे केले, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत सही करत आहे.

ठिकाण: मालनबाई घाटगे यांचे घर, यशवंतपूर, बेंगळूरु
दिनांक: २३ नोव्हेंबर २०२५, रविवार

मृत्युपत्र करणारी: महानंदा कृष्णाजी हलगेकर (सही)

साक्षीदार दुसरे: हयवदन गुरुराव, वकील, बसवनगुडी (सही). महानंदाबाईंनी आमच्यासमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर. पहिल्या साक्षीदारांना जास्त जागा हवी होती म्हणून मी आधी सही केली.

साक्षीदार पहिल्या: मालनबाई विठोजी घाटगे, यशवंतपूर (सही). हे महानंदाचंच आहे. मी समोर बसून बघितलं. खाली नाव आहे.